अभिक्रियेची कोटी : प्रायोगिक निर्धारण

रासायनिक अभिक्रियेचा वेग एखाद्या अभिकारकाच्या संहतीच्या (द्रावणातील त्याच्या प्रमाणाच्या) कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, हे सांगणारी संख्या म्हणजे त्या अभिकारकाच्या संदर्भातील कोटी. अशा सर्व घातांची बेरीज म्हणजे अभिक्रियेची एकूण कोटी. संहती दुप्पट केल्यावर वेग दुप्पट झाला तर कोटी १, चौपट झाला तर २ आणि तसाच राहिला तर शून्य असते. संतुलित समीकरणातील सहगुणकांवरून ही संख्या ठरत नाही, ती मोजूनच काढावी लागते.

अशा मोजणीचा आरंभीचा नमुना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये घालून दिला. आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होताना द्रावण प्रकाशाचे ध्रुवणप्रतल उजवीकडून डावीकडे वळवू लागते. त्यामुळे नमुना काढण्याची गरज न पडता हे वळण मोजणाऱ्या पोलॅरिमीटरवरच अभिक्रियेची प्रगती वाचता आली, आणि वेग त्या त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असल्याचे दिसले.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत बहुधा मिथिल ॲसिटेट या एस्टरचे जलअपघटन (पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल व अल्कोहोल बनणे) करतात. एस्टर आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणातून ठरावीक वेळी ५ मिलि. नमुना पिपेटने घेऊन तो बर्फाच्या पाण्यात सोडला की अभिक्रिया जवळजवळ थांबते. मग फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक वापरून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करतात, म्हणजे नमुन्यात किती आम्ल आहे ते मोजतात. पाणी विपुल असल्याने त्याची संहती बदलत नाही, म्हणून अभिक्रिया प्रथम कोटीची भासते (छद्म प्रथम कोटी). अभिक्रिया पूर्ण झाल्यानंतरच्या, म्हणजे ‘अनंत’ वाचनातून प्रत्येक वाचन वजा करून त्या फरकाचा लॉगरिदम वेळेविरुद्ध मांडल्यास सरळ रेषा मिळते. हे एकच वाचन सर्व बिंदूंत शिरत असल्याने त्यातील चूक संपूर्ण आलेख वाकवते. सरळ रेषेवरही घाईने विसंबू नये : अभिक्रिया थोडीच पुढे गेलेली असेल तर शून्य, प्रथम आणि द्वितीय कोटीचे आलेख सारखेच सरळ दिसतात, आणि हा फरक पडताळण्याइतका वेळ तासिकेत क्वचितच मिळतो. अर्धायुकालाची (संहती निम्मी होण्यास लागणाऱ्या वेळेची) कसोटी यापेक्षा भक्कम आहे. आरंभीची संहती दुप्पट केल्यास तो प्रथम कोटीत बदलत नाही, द्वितीय कोटीत निम्मा होतो, शून्य कोटीत दुप्पट होतो. तापमान मात्र स्थिर हवे, कारण १० अंशांच्या वाढीने वेग सहज दुप्पट-तिप्पट होतो.

अनेक अभिकारक असतील तेव्हा एक सोडून बाकीचे विपुल घेण्याची पद्धत रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या नावाशी जोडली जाते. आम्लयुक्त ॲसिटोनच्या आयोडीनीकरणात ॲसिटोन व आम्ल विपुल ठेवले तर आयोडिनचा रंग एकसमान गतीने फिका होत जातो आणि आयोडिन दुप्पट घेतले तरी रेषेचा उतार तोच राहतो. समीकरणात ठळकपणे असलेल्या आयोडिनच्या संदर्भात कोटी शून्य येते, कारण मंद पायरी ॲसिटोनचे ईनॉल रूपात (त्याच अणूंच्या वेगळ्या मांडणीत) होणारे रूपांतर ही आहे. आयोडिनचा प्रवेश त्यानंतर होतो.