डीडी फ्री डिश

डीडी फ्री डिश ही घराच्या छतावर छत्री बसवून दूरचित्रवाहिन्या विनाशुल्क पाहण्याची भारतातील सार्वजनिक सेवा आहे. दूरदर्शन (डीडी) आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती ही संस्था ती चालवते. छत्री, बॉक्स आणि वायर यांचा खर्च एकदा केला की पुढे महिन्याची वर्गणी नाही, रिचार्ज नाही, ग्राहक क्रमांकही नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली, तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. २०१४मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. २०१८मध्ये देशातील सुमारे ३.३ कोटी घरांत ही सेवा होती आणि २०२४पर्यंत ही संख्या सुमारे ४.९ कोटींवर गेली. ग्राहकांची नोंदच होत नसल्यामुळे हे आकडे सर्वेक्षणांवर आधारलेले अंदाज आहेत.

घरात टीव्ही फुकट दिसणे ही गोष्ट भारतात पहिल्यापासून नव्हती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्या काळी रेडिओप्रमाणे टीव्हीसाठीही टपाल कार्यालयात दरवर्षी परवाना शुल्क भरावे लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यास ते रद्द झाले आणि मग गच्चीवरचा अँटेना एवढाच काय तो खर्च उरला. अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या येत आणि घरातले कोणी तरी वर चढून तो फिरवत असे. पण प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होत असल्याने डोंगराआडच्या गावांना चित्र मिळत नसे. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कुशीतल्या वस्त्या या कारणाने वर्षानुवर्षे टीव्हीपासून दूर राहिल्या.

१९९०च्या दशकात गच्चीवरून गच्चीवर केबलच्या तारा गेल्या आणि टीव्ही पाहणे पुन्हा मासिक खर्चाची बाब झाले. केबल वस्ती दाट असेल तिथेच परवडते. त्यामुळे वाड्या, पाडे, मळ्यांतली घरे बाहेरच राहिली. २०१२पासून केबलचे डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले : मुंबईत २०१२च्या अखेरीस, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर या शहरांत ३१ मार्च २०१३च्या मुदतीने, उरलेल्या देशात २०१७पर्यंत. प्रत्येक टीव्हीला सेट टॉप बॉक्स लावणे भाग पडले तेव्हा खेड्यांतल्या अनेकांनी सरळ हिशेब केला. बॉक्स घ्यायचाच आहे, तर ज्याला दरमहा पैसे लागत नाहीत तो का घेऊ नये?

यंत्रणा. दिल्लीतील तोडापूर येथील भूकेंद्रावरून वाहिन्यांचे संकेत उपग्रहाकडे पाठवले जातात. आरंभी एनएसएस-६ हा परदेशी उपग्रह वापरला, नंतर इन्सॅट-४बी आणि आता जीसॅट-१५. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडण्यात आला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आकाशात एका जागी स्थिर दिसतो. म्हणूनच छत्री एकदा नीट लावली की पुन्हा फिरवावी लागत नाही.

महाराष्ट्रातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो. मुंबई-पुण्याहून त्याची दिशा पूर्व आणि दक्षिण यांच्या जवळजवळ मधोमध येते, नागपुराहून ती दक्षिणेकडे थोडी अधिक झुकते. क्षितिजापासूनची उंची मुंबईत सुमारे ५८, पुण्यात ५९ आणि नागपुरात ६० अंश भरते. बाजारात मिळणारी साधारण दोन फुटी छत्री यापेक्षा बरीच उभी दिसते, कारण तिचा एलएनबी, म्हणजे संकेत पकडणारा भाग, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो आणि किरण तिरके येऊन त्यावर पडतात. आग्नेयेला आंब्याचे झाड, पाण्याची टाकी किंवा शेजारची इमारत आड आली तर संकेत मिळत नाही. छत्री बसवताना सगळ्यात जास्त वेळ जागा निवडण्यातच जातो.

प्रक्षेपण केयू बँड या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात होते. या लहरींसाठी छोटी छत्री पुरते, पण मुसळधार पावसात त्या क्षीण होतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात चित्राला चौकटी पडतात, आवाज तुटतो आणि शेवटी ‘नो सिग्नल’ येते. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येते. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचीही, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या खाजगी सेवांचीही, पावसात हीच गत होते, हे इथे सांगायला हवे, कारण फुकटची सेवा म्हणून ती बंद पडते असा समज गावोगाव आहे.

सगळे साहित्य मिळून साधारण दीड ते दोन हजार रुपयांत येते. ते खुल्या बाजारात कुठल्याही टीव्ही दुरुस्तीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. जुन्या डबा टीव्हीलाही लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीने बॉक्स जोडता येतो. खरेदी करताना एक गोष्ट पाहावी. काही वाहिन्या एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीत येतात, काही एमपीईजी-४ या नव्या पद्धतीत. जुन्या बॉक्सवर पहिल्याच दिसतात, नव्यावर दोन्ही. दर महिन्याचे पैसे किंवा वार्षिक नूतनीकरण म्हणून कोणी रक्कम मागितली तर देऊ नये. या सेवेला असे कोणतेही शुल्क नाही.

खर्च कोण भागवतो. प्रेक्षक पैसे देत नाही, पण उपग्रहाचे भाडे आणि भूकेंद्राचा खर्च असतोच. तो खाजगी वाहिन्या भरतात. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्यांना जागा राखून उरलेल्या जागा प्रसार भारती २०११पासून ई-लिलावाने विकते. जागा बहुधा एका वर्षासाठी, १ एप्रिल ते ३१ मार्च अशी मिळते. म्हणूनच एप्रिलच्या आरंभी काही वाहिन्या अचानक गायब होतात, काही नव्या येतात आणि बॉक्समध्ये पुन्हा चॅनल सर्च करावा लागतो. वाहिन्यांना हा पैसा जाहिरातींतून परत मिळतो. साबण, चहा, बियाणे, सिमेंट विकणाऱ्यांना खेड्यातला प्रेक्षक एकगठ्ठा हवा असतो आणि तो इथे आहे.

त्याची किंमत जाहिरातदारांना उशिरा कळली. ऑक्टोबर २०१५मध्ये टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने ग्रामीण प्रेक्षकसंख्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा महानगरांत फारशी चर्चा नसलेल्या झी अनमोलसारख्या वाहिन्या यादीच्या माथ्यावर आल्या. जुन्या हिंदी मालिका पुन्हा दाखवणाऱ्या झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या चार वाहिन्यांनी या सेवेला प्रेक्षक मिळवून दिला. त्यांचे पुढचे वर्तन मात्र प्रेक्षकाच्या दृष्टीने कठोर होते. फेब्रुवारी २०१९मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी दररचना लागू झाली. केबल किंवा डीटीएचच्या ग्राहकाला जोडणीचे १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, असा तिचा ढाचा होता. या चारही वाहिन्या तेव्हा सशुल्क करण्यात आल्या आणि फ्री डिशवरून उतरल्या. रिकाम्या झालेल्या जागेत दंगल ही छोट्या कंपनीची वाहिनी देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. जून २०२०मध्ये चौघी परतल्या आणि एप्रिल २०२२मध्ये पुन्हा गेल्या. फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांमुळे पैसे भरणारे ग्राहक तुटतात, ही मोठ्या प्रसारण कंपन्यांची तक्रार त्यामागे होती. चार कोटींहून अधिक घरांत संध्याकाळी काय दिसायचे हे अशा प्रकारे काही मोजक्या कार्यालयांत ठरते आणि ज्यांच्या घरात ते दिसते त्यांना विचारण्याची कोणतीही सोय नाही. या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच आहे.

क्रिकेट. जानेवारी २००७मध्ये भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातील एकदिवसीय मालिकेच्या वेळी प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या निंबस कंपनीने थेट संकेत दूरदर्शनला देण्यास नकार दिला. या मालिकेचा पहिला सामना नागपुरात होता. वाद न्यायालयात गेला, सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी क्रीडा प्रसारण संकेत सहभाजनाचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या सामन्यांचे थेट संकेत, कंपनीच्या जाहिरातींशिवाय, प्रसार भारतीला देणे त्याने बंधनकारक केले. जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा, उरलेला प्रसार भारतीचा. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने या यादीत आहेत, आयपीएल नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची मर्यादा आखली. असे संकेत दूरदर्शनने आपल्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि आपल्या डीटीएचवर दाखवावेत, खाजगी केबल आणि डीटीएचवरून दिसणाऱ्या दूरदर्शन वाहिनीवर नाहीत. तेव्हापासून सामना चालू असताना फ्री डिशवरच्या डीडी स्पोर्ट्सवर भारताची फलंदाजी दिसते आणि त्याच वेळी केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दुसराच कार्यक्रम लागलेला असतो. महिन्याला पैसे मोजणाऱ्याला जे वेगळी वाहिनी घेतल्याशिवाय मिळत नाही ते बिनपैशाच्या छत्रीवर मिळते. ही छत्री शहरांतही विकली जाते, त्याचे एक ठोस कारण हे आहे.

शिक्षण आणि दुर्गम भाग. स्वयंप्रभा हा ३२ शैक्षणिक वाहिन्यांचा संच जुलै २०१७मध्ये जीसॅट-१५वरच सुरू झाला. २०२०मध्ये पीएम ई-विद्या योजनेत इयत्तावार १२ वाहिन्या आल्या आणि २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही संख्या २००वर नेण्याची घोषणा झाली. करोनाकाळात शाळा बंद असताना जुलै २०२०पासून दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. घरात स्मार्टफोन नाही किंवा असला तरी वडिलांच्या खिशात कामावर जातो, अशा मुलांना धड्यापर्यंत नेणारी ती वाट होती. तिची पुरेशी कदर झाली नाही.

जानेवारी २०२३मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या बाइंड या प्रसारण सुविधांच्या विकास योजनेत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि नक्षलग्रस्त भागांत तसेच आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक बॉक्स मोफत वाटण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे जिल्हे आकांक्षित यादीत आहेत. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीच्या कामासाठी वर्षातले कित्येक महिने घर बंद ठेवणाऱ्या कुटुंबांना ही सेवा विशेष सोयीची पडते. परतल्यावर टीव्ही लावला की तो चालू होतो, मधल्या महिन्यांचे काही देणे लागत नाही.

दरम्यान जमिनीवरचे जुने मनोरे जवळजवळ सगळे बंद झाले. २०२२पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे थोडे वगळता दूरदर्शनचे अॅनालॉग प्रक्षेपण थांबले. फेब्रुवारी २०१६मध्ये १६ शहरांत, त्यांत मुंबई आणि औरंगाबाद, अँटेनावर दिसणारे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले होते, पण त्याला लागणारी उपकरणे बाजारात रुळली नाहीत. २० नोव्हेंबर २०२४ रोजी पणजीत भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे मोबाइल अॅप आणले. त्यावरही दूरदर्शन दिसते, पण डेटा खर्च होतो.

मराठी वाहिन्या. वाहिन्यांची एकूण संख्या आता दीडशेच्या पुढे गेली असली तरी मराठीच्या वाट्याला फार थोड्या आल्या आहेत. दूरदर्शनची सह्याद्री कायम आहे. खाजगी वाहिन्यांपैकी ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’, ‘झी चित्रमंदिर’ यांनी वेगवेगळ्या वर्षी जागा घेतल्या. कारण अर्थशास्त्रातले आहे. लिलावात मिळणारी जागा सगळ्या देशावर झोत टाकते, हिंदी वाहिनी ती सगळीकडे वसूल करते, मराठी वाहिनीला मात्र जाहिरात मिळते ती प्रामुख्याने महाराष्ट्रापुरती. परिणामी मराठवाड्यातल्या एखाद्या घरात मराठी मालिका पाहायची इच्छा असूनही हिंदी मालिका, डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट आणि हिंदी बातम्या लागलेल्या असतात. प्रादेशिक भाषांसाठी लिलावाबाहेर जागा राखल्याशिवाय हे बदलणार नाही.

उपग्रहाचा झोत राज्याची हद्द मानत नाही, याचा लाभही झाला आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हुबळी येथील मराठी घरांना पूर्वी मुंबईचा मनोरा कधीच पोचला नसता. त्यांना आता सह्याद्री पैसे न भरता मिळते. मार्च २०१९मध्ये ज्या ११ राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या फ्री डिशवर आल्या त्यांत गोव्याचीही आहे, त्यामुळे पणजी केंद्राचे कार्यक्रम गोव्याबाहेरच्या गोमंतकीयांना पाहता येतात. १९९४मध्ये उपग्रहावर गेलेली मराठी वाहिनी पुढे सह्याद्री झाली. तिला लिलावात उतरावे लागत नसल्याने १ एप्रिलच्या उलथापालथीचा तिला धक्का बसत नाही, आणि संध्याकाळी सातच्या बातम्या पाहणाऱ्याला त्यासाठी चॅनल शोधत बसावे लागत नाही.