बावड्याच्या मैदानातून तुरचीपर्यंत

पोलीस भरती निघाली की कोल्हापुरात कसबा बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पोलीस मैदानाबाहेर पहाटे अंधारातच पोरं जमतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं, शिवाय गोळाफेक. त्यात कोल्हापूरची पोरं कमी पडत नाहीत. तालमीच्या गावात अंग कमवायला वेगळं शिकवावं लागत नाही. निवडीनंतर मात्र ‘नवप्रविष्ठ पोलीस शिपाई’ म्हणून त्यांची पाठवणी बहुतेक वेळा जिल्ह्याबाहेर होते. तासगाव तालुक्यातलं तुरची, दौंडजवळचं नानवीज, सोलापूर, खंडाळा, जिथं नेमणूक येईल तिथं.

शिपायाला शिकवायचं असतं ही कल्पनाच तशी उशिराची. गावात पाटील आणि राखणदार जागल्या असत. पागोळी कुणाच्या घरात गळते इथपासून त्यांना ठाऊक. कायद्याचं पुस्तक कुणी दाखवलेलं नसे. १८६१च्या पोलीस कायद्यानं इंग्रजी मुलखात फौज उभी राहिली, पण प्रशिक्षणाची बोंबच होती. पोलीस खात्याची तपासणी करणाऱ्या १९०२-०३च्या फ्रेझर आयोगानं ती उघड मांडली. मग १९०६ साली पुण्याच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. तिथं अधिकारी घडतात. शिपायांसाठी वर सांगितलेली केंद्रं.

करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानाचं पोलीस खातं मात्र स्वतःचं होतं, आणि इथला मोठा प्रश्न वेगळाच होता: खात्यात कुणाला घ्यायचं? १९०२ सालीच शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९१८ मध्ये त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची, गुन्हेगार समजून लावलेली सक्तीची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांनाच राखण सोपवायची! सुधारणा म्हणून मला हे नाशिकच्या शाळेपेक्षा धाडसाचं वाटतं.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५१च्या पोलीस कायद्याखाली सगळ्यांची शिस्त एक झाली.

केंद्रात दिवस दोन भागांत जातो. बाह्यवर्गात पीटी, कवायत, हत्यारं, गोळीबाराचा सराव. आंतरवर्गात कायदा, तपास, पंचनामा. भरतीसाठी वर्षानुवर्षं मैदान मारलेल्या पोरांना पहिलं जड जात नाही. जागेवर बसून पंचनाम्यात जागेची चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, बिनचूक लिहायची म्हटली, की घाम फुटतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ कलम १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. त्यामुळे शिकणाऱ्यांबरोबर शिकवणाऱ्यांनाही पुस्तक नव्यानं उघडावं लागलं. बोलण्यातला ‘चारसोबीस’ मात्र अजून बदललेला नाही.