थॅलॅमसचा धमनी-रक्तपुरवठा

थॅलॅमस हा मेंदूच्या गाभ्यात, तिसऱ्या विवराच्या (मेंदूजलाने भरलेल्या पोकळीच्या) दोन्ही बाजूंना असलेला करड्या द्रव्याचा जोडपिंड आहे. प्रत्येक पिंड अंडाकृती, सुमारे ३ सेंमी लांबीचा असतो. वास सोडला तर शरीराच्या सगळ्या संवेदना त्याच्यातूनच मेंदूच्या बाह्यकाकडे, म्हणजे वरच्या थराकडे जातात. जागेपण टिकवणे, स्मृती, भाषा आणि हालचालींचे नियमन यांतही त्याचा मोठा वाटा आहे. इतके काम असूनही त्याच्यासाठी स्वतंत्र अशी एकही मोठी धमनी नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांतून सुटलेल्या, बहुतेक एक मिलिमीटरहूनही बारीक वेधक धमन्या आत शिरून त्याला रक्त पुरवतात. या धमन्या एकमेकींना फारशा जोडलेल्या नसतात. त्यामुळे एक बंद पडली तर शेजारची तिची उणीव सहसा भरून काढू शकत नाही.

पुरवठ्याचा मुख्य स्रोत मेंदूच्या मागच्या भागातील रक्ताभिसरण हा आहे. मानेतून वर येणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मिळून बेसिलर धमनी बनते. तिच्या शेंड्याला दोन फाटे फुटतात, त्याच दोन्ही बाजूंच्या पश्च सेरेब्रल धमन्या. पश्च संयोजी धमनी प्रत्येक बाजूच्या पश्च सेरेब्रल धमनीला पुढच्या अंतर्गत कॅरोटिड धमनीशी जोडते. पश्च सेरेब्रल धमनीच्या या जोडापूर्वीच्या भागाला पी-१ आणि पुढच्या भागाला पी-२ म्हणतात. थॅलॅमसच्या धमन्यांचे साधारणपणे चार गट मानतात आणि कोणता गट कुठून उगवतो, हे या खुणांवरून सांगितले जाते.

ट्युबेरोथॅलॅमिक किंवा ध्रुवीय धमनी पश्च संयोजी धमनीतून निघते आणि थॅलॅमसचा पुढचा भाग पोसते. अग्र केंद्रके (केंद्रक म्हणजे चेतापेशींचा पुंजका) आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मॅमिलरी पिंडाकडून येणारा स्मृतीचा तंतुमार्ग तिच्याच क्षेत्रात येतात. म्हणून ती बंद पडली की हातपाय चालत राहतात, पण माणूस निरुत्साही होतो, नव्या गोष्टी त्याच्या लक्षात राहत नाहीत आणि डावी बाजू बाधित असेल तर बोलताना शब्द सापडत नाहीत. सुमारे एक तृतीयांश लोकांत ही धमनी नसतेच. त्यांच्यात तिचे क्षेत्र मध्यालगतच्या धमन्या सांभाळतात.

या मध्यालगतच्या, म्हणजे पॅरामीडियन धमन्या पी-१ मधून निघतात. पृष्ठमध्य केंद्रक आणि जागेपणाशी निगडित आंतरपटलीय केंद्रके त्यांच्यावर अवलंबून असतात. मध्यमेंदूच्या वरच्या भागालाही याच मुळातून फांद्या जातात. त्यांच्या रचनेतील फरक फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ जेरार पेर्शरॉं यांनी १९७० च्या दशकात काटेकोरपणे मांडले. बहुतेकांत दोन्ही बाजूंच्या धमन्या आपापल्या पी-१ मधून निघतात. काहींमध्ये मात्र एकाच बाजूच्या पी-१ मधून एकच खोड निघते आणि पुढे दुभंगून दोन्ही थॅलॅमसना रक्त देते. या खोडाला ‘पेर्शरॉं धमनी’ म्हणतात.

ही ठेवण वैद्यकात फार महत्त्वाची आहे, कारण एकाच गुठळीने दोन्ही बाजूंचे थॅलॅमस एकाच वेळी निकामी होतात. लकव्यात एक बाजू लुळी पडते आणि तोंड वाकडे होते, हे सर्वांना ठाऊक असते. इथे बहुधा त्यातले काहीच दिसत नाही. रुग्ण फक्त झोपलेला असतो. हाक मारली, हलवले तर डोळे उघडतो, एखादे उत्तर देतो आणि पुन्हा झोपी जातो. पापण्या उचलून ‘वर बघा’ म्हटले तर बुबुळे वर जात नाहीत, कारण नजर वर-खाली वळवणारी मध्यमेंदूतील यंत्रणाही बाधित झालेली असते. सुरुवातीचा सीटी स्कॅन बऱ्याचदा निर्दोष येतो. मग विषबाधा, साखर कमी होणे, मेंदूज्वर किंवा आकडीनंतरची गुंगी अशा शंका घेतल्या जातात. गुठळी विरघळवणारे औषध देण्याची सर्वसाधारण मुदत साडेचार तासांची असते आणि ती या शोधाशोधीत निघून जाऊ शकते. अचानक आलेली, कारण न सापडणारी झोप दिसली, तर डिफ्यूजन एमआरआय (रक्त तुटलेला भाग लवकर दाखवणारी एमआरआय तपासणी) वेळेवर करणे म्हणूनच गरजेचे ठरते.

इन्फेरोलॅटरल किंवा थॅलॅमोजेनिक्युलेट धमन्या पी-२ मधून झुपक्याने निघतात. शरीराच्या विरुद्ध बाजूचा स्पर्श, वेदना, तापमान आणि सांध्यांची जाणीव ज्या पश्च-अधर केंद्रकांत पोहोचते, ती यांच्या क्षेत्रात आहेत. इथल्या आघाताने अर्धे अंग बधिर होते. काही रुग्णांत पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच बधिर भागात जळजळणारी वेदना सुरू होते. अंगावरच्या कपड्याचा किंवा गार वाऱ्याचा स्पर्शही मग सोसवत नाही. झ्यूल देजरीन आणि गुस्ताव रूसी यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेला थॅलॅमिक लक्षणसमूह तो हाच. साध्या वेदनाशामकांनी ही वेदना सहसा हटत नाही.

मध्य आणि पार्श्व पश्च कोरॉइडल धमन्याही पी-२ मधूनच येतात. पल्विनारचा, म्हणजे थॅलॅमसच्या मागच्या टोकाचा, बराचसा भाग आणि दृष्टीचे पार्श्व जेनिक्युलेट केंद्रक त्यांच्याकडे असते. या केंद्रकाला अंतर्गत कॅरोटिडमधून येणारी अग्र कोरॉइडल धमनीही रक्त देते, पण दोघींचे भाग वेगळे आहेत. पार्श्व पश्च कोरॉइडल धमनी बंद पडली तर दृष्टिक्षेत्राच्या एका अर्ध्यात आडव्या रेषेलगतची पाचर दिसेनाशी होते. अग्र कोरॉइडल बंद पडली तर नेमकी तीच पाचर शाबूत राहते आणि तिच्या वरचा-खालचा भाग जातो.

दीर्घकाळचा उच्च रक्तदाब या बारीक धमन्यांच्या भिंती कमकुवत करतो. त्या कधी बंद होतात, कधी फुटतात, आणि म्हणूनच थॅलॅमस ही रक्तदाबामुळे होणाऱ्या मेंदूतील रक्तस्रावाची नेहमीची जागा आहे. तिसरे विवर लगतच असल्याने रक्त त्यात उतरून मेंदूजलाचा प्रवाह अडवू शकते. बेसिलरच्या शेंड्यावरील धमनीफुग्याच्या शस्त्रक्रियेतही याच धमन्या जपाव्या लागतात. त्या फुग्याच्या मागे, अनेकदा त्याला चिकटूनच असतात. फुग्याची मान बंद करणारी क्लिप बसवण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकेक करून सोडवाव्या लागतात, आणि क्लिप लावल्यावर तिच्या पात्यांत एखादी अडकली नाही ना, हे पुन्हा पाहावे लागते.