ला फिय माल गार्दे

ग्रामीण जीवनावरचा दोन अंकी फ्रेंच विनोदी बॅले. नावाचा अर्थ ‘नीट न राखलेली मुलगी’. मूळ नृत्यरचनाकार झां दोबेरवाल (१७४२–१८०६). पहिला प्रयोग १ जुलै १७८९ रोजी बोर्दो येथील ग्रां तेआत्र या नाट्यगृहात झाला. फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसमधला बास्तीयचा तुरुंग लोकांच्या हाती पडायला तेव्हा तेरा दिवस उरले होते. आज रंगमंचावर असलेल्या बॅलेंमध्ये इतका जुना बॅले क्वचितच सापडतो. तरीही दोबेरवाल यांनी बसवलेली पावले आता कोणी नाचत नाही आणि त्या रात्री वाजलेले संगीतही नेहमीच्या प्रयोगांत फारसे उरलेले नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षे तगले ते कथानक, मोजकी पात्रे आणि त्यांच्या हातातल्या वस्तू. पेंढ्या, किल्ली, रिबीन, छत्री या वस्तू वेळेवर आणि नेमक्या जागी आल्या की विनोद आपोआप उभा राहतो. त्या चुकल्या तर उत्तम नर्तकांनाही तो सावरता येत नाही.

दोबेरवाल यांना विषय सुचला तो एका चित्राच्या छापील प्रतीवरून, असे सांगतात. प्येर-आंत्वान बोदुआं यांच्या त्या चित्रात विस्कटलेल्या कपड्यांतली एक मुलगी रडत उभी आहे, म्हातारी तिला झापते आहे आणि मागे प्रियकर जिन्याने सटकतो आहे. बोर्दोच्या प्रयोगात नायिकेचे नाव लिझों, नायकाचे कोलें आणि आईचे रागोत होते. लिझोंची भूमिका दोबेरवाल यांच्या पत्नी मादमोझेल तेओदोर यांनी केली, तर रागोतची भूमिका फ्रांस्वा ल रीश या पुरुष नटाने. आईची भूमिका पुरुषाने करायची हा पायंडा बहुतेक ठिकाणी आजही पाळला जातो. बॅलेचे पहिले नाव वेगळेच, ‘पेंढ्याचा बॅले’ अशा अर्थाचे होते. सध्याचे नाव मिळाले ते १७९१ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या पँथिऑन नाट्यगृहातल्या प्रयोगाच्या वेळी. देव, अप्सरा आणि राजेरजवाडे यांना बाजूला सारून लोणी घुसळणारी, पीक कापणारी माणसे मध्यभागी आणणे हे त्या काळी मोठेच धाडस होते.

आज प्रचलित असलेल्या रूपात कथानक असे आहे. विधवा सिमोनला आपली मुलगी लीझ हिचे लग्न द्राक्षमळ्याचा श्रीमंत मालक तोमा याच्या आलँ या भोळसट मुलाशी लावायचे आहे. लीझचे प्रेम मात्र कोला या तरुण शेतकऱ्यावर. पहिल्या अंकात अंगण आणि मग कापणीचे शेत, शेवटी वादळ. दुसरा अंक घरात. मुलीला आत कोंडून, दाराला कुलूप लावून सिमोन बाहेर जाते. पण कापणीवाल्यांनी नुकत्याच आणून टाकलेल्या पेंढ्यांच्या ढिगातच कोला लपलेला असतो. सिमोन परतते तेव्हा लीझ त्याला घाईघाईने झोपायच्या खोलीत दडवते. लग्नाचे कपडे घालण्यासाठी सिमोन लीझलाही त्याच खोलीत ढकलते आणि बाहेरून कुलूप घालते. नोटरीसमोर कागद होतात, नवरदेवाच्या हाती किल्ली दिली जाते, तो दार उघडतो आणि आत दोघे एकत्र सापडतात. पहारा जितका कडक, तितकी प्रेमिकांची भेट सोपी होत जाते. संपूर्ण विनोदाचा आस हाच आहे.

संगीत पाच-सहा वेळा बदलले. बोर्दोला ५५ लोकप्रिय फ्रेंच चाली जोडून काम भागवले होते. १७ नोव्हेंबर १८२८ रोजी झां-प्येर ओमेर यांनी हा बॅले पॅरिस ऑपेरात आणला, तेव्हा फेर्दिनां एरोल्द यांनी नवे संगीत रचले. त्यात त्यांनी जुन्या चाली ठेवल्या आणि इटालियन संगीतकार रोस्सिनीचेही काही तुकडे घेतले. वादळाचे संगीत रोस्सिनीच्या ‘ला चेनेरेन्तोला’ या ऑपेरातले आहे. १८३७ मध्ये फॅनी एल्सलर ही नर्तकी लीझ झाली, तेव्हा तिच्यासाठी दोनित्सेत्ती यांच्या ‘लेलिझिर दामोरे’ या ऑपेरातील चालींवरून एक युगुलनृत्य जोडण्यात आले. १८६४ मध्ये बर्लिनमध्ये पाउल टाग्लिओनी यांनी पेटर लुडविग हेर्टेल यांच्याकडून सगळेच संगीत नव्याने करून घेतले. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला मारिउस पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी व्हर्जिनिया झुक्की या इटालियन नर्तकीसाठी बॅले बसवला तो याच संगीतावर. त्यामुळे रशियन परंपरेत हेर्टेल आणि पश्चिम युरोपात एरोल्द अशी विभागणी झाली. आज समारंभांत सुटे नाचले जाणारे ‘फिय’चे युगुलनृत्य पाहताना ते कोणत्या परंपरेतले हे आधी पाहावे. नाव तेच असले तरी संगीत आणि पावले दोन्ही वेगळी निघू शकतात.

सध्या जगभर सर्वाधिक होणारा प्रयोग ब्रिटिश नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टन यांचा. तो २८ जानेवारी १९६० रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये रॉयल बॅलेने पहिल्यांदा केला. नादिया नेरिना (लीझ), डेव्हिड ब्लेअर (कोला), स्टॅन्ली होल्डन (सिमोन) आणि अलेक्झांडर ग्रँट (आलँ) हे मूळ कलाकार. नेपथ्य आणि वेशभूषा ऑस्बर्ट लँकेस्टर या व्यंगचित्रकाराची. हेर्टेलचे संगीत ॲश्टन यांना भावले नाही. जॉन लँचबेरी यांनी एरोल्दचे संगीत पायाशी धरून नवी बांधणी केली आणि हेर्टेलची एकच चाल घेतली, ती सिमोनच्या लाकडी बुटांच्या नाचासाठी. एल्सलरच्या युगुलनृत्याचे संगीत इतिहासकार आयव्हर गेस्ट यांनी पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयातून शोधून दिले. ही कथा फ्रान्सची असली तरी ॲश्टन यांच्या डोळ्यासमोर इंग्लंडमधल्या सफक परगण्याची शेते होती, आणि प्रयोगभर ते जाणवते.

या रचनेत रिबिनीचे काम सर्वांत मोठे आहे. लीझ प्रियकरासाठी खांबाला गाठ मारून रिबीन ठेवते, कोला ती आपल्या काठीला बांधतो, मग दोघे तीच रिबीन लगामासारखी धरून घोडा-घोडा खेळतात, स्वतःभोवती गुंडाळतात, सोडवतात आणि हातांमध्ये जाळी विणतात. जाळीच्या जागी चूक हमखास होते. दोघांपैकी एकाने मनगट एक वेळ जास्त फिरवले, तर मध्ये फुलीऐवजी पीळ पडतो. पीळ पडलेली रिबीन ओढून सुटत नाही, आणखी घट्ट होते, आणि संगीत तर थांबणार नसते. म्हणून हा भाग आधी पावलांशिवाय, उभ्या जागी, नुसत्या हातांनी पाठ करतात. तालमीलाही प्रयोगातल्याच लांबीची आणि कापडाची रिबीन वापरावी लागते. सॅटिनची रिबीन सुताच्या फितीहून अधिक सरकते, त्यामुळे फितीवर पक्का झालेला हात सॅटिनवर फसतो. लांबी थोडी जास्त झाली तर मधला भाग जमिनीला टेकतो आणि पायाखाली येतो.

दुसरी कसोटी शेतातल्या एल्सलर युगुलनृत्यात येते. आठ मैत्रिणी आठ रिबिनी घेऊन वर्तुळात उभ्या राहतात. सगळ्या रिबिनींची टोके मध्यभागी लीझच्या डोक्यावर उचललेल्या हातात. ती एका पायाच्या चवड्याच्या टोकावर, दुसरा पाय मागे दुमडून उभी, आणि मैत्रिणी धावू लागल्या की रिबिनींच्या ताणावर ती आसाभोवती फिरते. तिला कोणी हाताने धरलेले नसते. आठही रिबिनींचा ताण सारखा असेल तरच तोल टिकतो. एक सैल पडली की लीझ विरुद्ध बाजूला झुकते, आणि ते दिसताच घाबरून बाकीच्या आवळतात, म्हणजे तोल आणखीच जातो. उपाय मैत्रिणींच्या हातात नसून पायात आहे. वर्तुळाची त्रिज्या आणि पावलाची लांबी सर्वांनी सारखी राखली की ताण सांभाळला जातो. याच युगुलनृत्याच्या अखेरीस कोला लीझला एका हाताच्या तळव्यावर बसवून डोक्याच्या वर उचलतो. तिथे लीझने पाठ ताठ ठेवायची असते. खाली पाहण्याच्या मोहात ती किंचित पुढे वाकली, तर वजन तळव्याच्या पुढे जाते आणि त्याला मनगटावर ते पेलता येत नाही.

मग खांबाच्या माथ्याला बांधलेल्या रिबिनी त्याच्याभोवती विणण्याचा नाच. गोव्यात शिगम्याला गोफ विणताना पाहिलेल्यांना याची रीत सांगायला नको. निम्मे नर्तक डावीकडून, निम्मे उजवीकडून निघतात आणि समोरच्याला आळीपाळीने एकदा बाहेरून, एकदा आतून ओलांडतात. संख्या सम हवी. एकाने एक फेरी चुकवली तर विणताना कुणाच्या लक्षातही येत नाही. उलगडायला लागल्यावर मात्र गाठ तिथेच अडते. त्यामुळे चूक झाल्याचे कळले की त्याच क्षणी आपली रिबीन सोडून रिकाम्या हाताने नाच पुरा करायचा, हा शहाणपणाचा मार्ग.

लाकडी बुटांचा नाच सिमोन आणि चार मुलींचा. त्यामागे इंग्लंडच्या लँकेशर भागातला पावलांनी ठेका धरायचा लोकनाच आहे. लाकडी तळ वाकत नाही, म्हणून बॅलेत घोट्यापासून बोटांपर्यंत जे काम होते ते इथे गुडघा आणि घोटा यांवर येते. विनायलच्या जाजमावर लाकूड सहज घसरते. रचनेत मुद्दाम घातलेल्या घसरणीही आहेत. ठेका प्रेक्षकांना ऐकू येत असल्याने वाद्यवृंद आणि बूट यांच्यात केसभर फरक पडला तरी लपत नाही. संचालकाने लय चढवली तर नाच रंगत नाही, फक्त आवाज वाढतो.

सिमोनची भूमिका करणाऱ्या नटाला सर्वांत मोठा धोका टाळ्यांचा असतो. स्त्रीवेशातला पुरुष एवढ्यावरच हशा मिळतो आणि मग नट तोच वाढवत नेतो. पण सिमोनने लीझला गुडघ्यावर आडवी घेऊन चोपले, तरी पाचव्या मिनिटाला ती तिची काळजी करणारी आई वाटली पाहिजे; नाहीतर शेवटी तिचे मन वळते ते खोटे ठरते. आलँची गोष्टही तशीच. लाल छत्रीवर स्वार होऊन येणारा, वादळात त्याच छत्रीसकट हवेत उडून जाणारा हा मुलगा वेडगळ आहे, पण प्रेक्षकांनी त्याच्यावर हसत असतानाच त्याची बाजू घेतली पाहिजे. ग्रँट यांनी आलँला कायम गंभीर ठेवले. १९६२ मध्ये बीबीसीने मूळ कलाकारांसह केलेल्या चित्रीकरणात ते पाहता येते, आणि या भूमिकेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावे.

माझ्या मते बॅलेचा गाभा मात्र नाचात नाही, दुसऱ्या अंकातल्या मूकाभिनयात आहे. घरात एकटीच कोंडली गेलेली लीझ लग्नानंतरचा संसार मनात रंगवते : लग्नाचा पेहराव, वाढणारे पोट, मग मुले. एकाला वाचायला शिकवते, दुसऱ्याला फटका देते, तिसऱ्याला जोजवते. हा प्रसंग सेंट पीटर्सबर्गच्या राजेशाही रंगभूमीवर घडलेल्या नर्तकी तमारा कार्साविना यांनी ॲश्टन यांना जसाच्या तसा शिकवला. म्हणून तो १९६० हून कितीतरी जुना आहे. प्रत्येक हावभाव पुरा होऊन स्थिरावल्यावरच पुढचा सुरू करायचा असतो. घाई केली तर मुले किती हेही कळत नाही. आणि लीझला आपण एकटे आहोत याची पूर्ण खात्री असली पाहिजे. तिने एकदाही प्रेक्षकांकडे पाहिले, तर पेंढ्यांतून कोला उठून उभा राहतो तेव्हा तिची लाज खरी वाटत नाही. पेंढ्यांचेही तंत्र आहे. आणून टाकताना कोलाची बाजू झाकली जाईल अशा क्रमाने कापणीवाल्यांनी चालायचे, आणि ढीग इतका सैल रचायचा की तो एका झटक्यात बाहेर येईल.

सुरुवातीला कोंबडा आणि चार कोंबड्या नाचतात. ॲश्टन यांच्याकडे हे वेशधारी नर्तक आहेत. रशियात एके काळी खऱ्या कोंबड्या मंचावर आणल्या जात. ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया नाचत असताना त्यांच्या प्रतिस्पर्धी नर्तकी मातिल्दा क्शेसिन्स्काया यांनी त्या मोकळ्या सोडल्या आणि तरीही ओल्गा थांबल्या नाहीत, असा किस्सा सांगितला जातो. ॲश्टन यांनी खरे ठेवले ते फक्त गाडी ओढणारे तट्टू. ते घेणाऱ्या संस्थेने त्याला वाद्यवृंदाच्या आवाजाची आणि दिव्यांची सवय आधी लावावी. पितळी वाद्यांच्या पहिल्या फटकाऱ्याला बुजणारे जनावर मंचावर आणूच नये.

इतर प्रयोगांपैकी ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्का यांचा न्यूयॉर्कच्या बॅले थिएटरसाठीचा (१९४०) आणि हाइन्झ श्पोर्ली यांचा पॅरिस ऑपेरातला (१९८१) उल्लेखनीय. दोबेरवाल यांच्या मूळ रूपाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न इव्हो क्रामेर यांनी १९८९ मध्ये, द्विशताब्दीनिमित्त, फ्रान्समधील नांत शहरात केला. सेर्गेई विखारेव यांनी २०१५ मध्ये रशियातील येकातेरिनबुर्ग येथे पेतिपा-इव्हानोव्ह यांच्या प्रयोगाच्या जुन्या लेखी नोंदींवरून पुनर्रचना केली. नेपथ्याला व्हॅन गॉगच्या चित्रांचे रंग दिले. ॲश्टन १९८८ मध्ये वारले; आपल्या बॅलेचे हक्क त्यांनी मृत्युपत्राने ग्रँट यांच्या नावे ठेवले होते, आणि पुढे अनेक देशांत तो बसवताना ग्रँट स्वतः हजर राहत. मॉस्कोचे बोल्शोई (२००२) आणि पॅरिस ऑपेरा (२००७) यांनीही ॲश्टन यांचीच रचना आपल्या संग्रहात घेतली.