फक्त शालू लाल, बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट: ही ट्रिक आली कुठून

नागपुरात २००० नंतरच्या दशकात ज्यांची लग्नं झाली त्यांच्या घरी एखादी डीव्हीडी नक्की सापडेल जिच्यात नवरी स्लो मोशनमध्ये वळून बघते आणि तिचा शालू तेवढा लाल, बाकी मंडप, पाहुणे, आचारी, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. मिक्सिंगवाले, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारे, हे बहुतेक एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे, त्यात क्रोमिनन्स नावाचा फिल्टर आहे, शालूवर पिकर (रंग उचलायचं टूल) ठेवायचा आणि निवडलेल्या रंगाच्या बाहेर जे काही आहे त्याला मोनोटोन लावायचा, म्हणजे त्याचा रंग काढून टाकायचा. झालं. पण पिकरने रंग पकडणं हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा म्हणजे मास्क, चित्रातला हवा तेवढाच भाग आकाराने वेगळा काढणं, आणि तो कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे.

सिनेमा आला तोच बिनरंगाचा, आणि लोकांनी लगेच त्यावर ब्रश चालवायला सुरुवात केली. एडिसनच्या कंपनीच्या १८९५ च्या डान्सच्या फिल्म हाताने रंगवलेल्या आहेत. फ्रेम केवढीशी तर नखाएवढी, आणि अशा हजारो. मग १९०५ च्या आसपास फ्रान्समधल्या पॅथे कंपनीने स्टेन्सिल आणलं: फिल्मची एक जादा प्रिंट घ्यायची, ज्या भागात समजा लाल हवाय तेवढा भाग प्रत्येक फ्रेममधून सुईने कापून काढायचा, आणि ती भोकं पडलेली पट्टी दुसऱ्या प्रिंटवर ठेवून वरून रंग फिरवायचा. पिवळा हवा तर दुसरी पट्टी, हिरवा हवा तर तिसरी. हे कापायचं काम बायका करायच्या, मोठमोठ्या खोल्यांमध्ये ओळीने बसून. माझ्या मते मास्कचा खरा शोध हाच आहे, सॉफ्टवेअरने फक्त सुई बदलली.

पण पॅथेवाल्यांना सगळंच रंगीत दाखवायचं होतं. एकच वस्तू रंगीत ठेवून बाकी मुद्दाम तसंच सोडायचं, याचं सगळ्यात गाजलेलं जुनं उदाहरण म्हणजे रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा सिनेमा बॅटलशिप पोटेमकिन, डिसेंबर १९२५, मॉस्कोचं बोल्शोई थिएटर. जहाजावर झेंडा चढतो तो लाल. त्या वेळच्या फिल्मवर लाल रंग काळा यायचा म्हणून शूटिंगला झेंडा पांढराच वापरला आणि नंतर प्रिंटवर शंभराच्या वर फ्रेम हाताने लाल केल्या. म्हणजे कॅमेऱ्यासमोर लाल काही नव्हतंच! त्याआधी १९१७ मध्ये अमेरिकेत मॅक्स फ्लायशरला रोटोस्कोपचं पेटंट मिळालं होतं, शूट केलेली फिल्म एकेक फ्रेम काचेवर पाडायची आणि आउटलाइन गिरवायची, ते खरं तर कार्टूनसाठी होतं पण पुढे त्याच पद्धतीने मास्क गिरवायला लागले.

आता दुसरी वाट, आकार न बघता रंग ओळखायची. ही टीव्हीच्या दुनियेतून आली. फिल्मचं व्हिडिओत रूपांतर करणाऱ्या टेलिसिने मशीनला रंग दुरुस्तीचे बोर्ड जोडलेले असायचे, आधी अख्ख्या फ्रेमचा रंग बदलायचे, मग सेकंडरी आली, म्हणजे फक्त लाल हलव, फक्त निळा हलव. अमेरिकेतल्या दा विंची कंपनीने १९८० च्या दशकात यात नाव काढलं आणि पुढे पॉवर विंडो दिली, गोल किंवा चौकोन काढा, त्याच्या आतलाच रंग बदलेल. इथे आकार आणि रंग दोन्ही वाटा एका टेबलावर आल्या. फक्त ते टेबल लाखो डॉलरचं होतं, आपल्याकडच्या मिक्सिंगवाल्याला त्याचं ब्रोशरही दिसलं नसेल.

१९९८ च्या प्लेझंटविल या हॉलीवूडच्या सिनेमात रंगीत शूट करून, स्कॅन करून, मग रंग काढून घेतले, कुठे नुसता चेहरा ठेवला कुठे नुसतं फूल, आणि असे सुमारे १७०० शॉट होते. मग २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक नावाच्या कंपनीने दा विंची विकत घेतली, पुढच्या वर्षी तिचं रंग दुरुस्तीचं सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला काढलं आणि २०११ मध्ये चक्क एक फुकट व्हर्जन सोडलं. २०१५ मध्ये प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग दुरुस्तीचं लुमेट्री पॅनेल आलं, आणि २०१६ मध्ये त्यात एचएसएल सेकंडरी, म्हणजे एकच रंग निवडून बदलायची सोय, पण आली. तिथून ही ट्रिक गल्लीबोळात.

गल्लीबोळात आली म्हणून सोपी झाली असं नाही. संत्र्याच्या गाडीवर शूट करा आणि फक्त नारंगी निवडा, विकणाऱ्याचे हात अन् चेहरा पण रंगीत राहतात, काहून की माणसाची कातडी गोरी असो की सावळी, तिचा ह्यू, म्हणजे मूळ रंग, लाल आणि पिवळ्याच्या मधेच पडतो. त्यात मोबाईलचा व्हिडिओ ४:२:० असतो, म्हणजे चित्र १९२० बाय १०८० पण रंगाची माहिती फक्त ९६० बाय ५४०, म्हणून कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, मग सॉफ्टनेस वाढवत बसा.

मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत हे सगळ्यात छान कळतं. पिवळी मारबत पिकरने पटकन उचलता येते, फार तर मागचे पिवळे बॅनर मास्कने कापावे लागतात. काळ्या मारबतीवर पिकर ठेवा, काहीच हाती लागत नाही, कारण काळ्याला ह्यूच नसतो, आणि उजेडावरून निवडायला जावं तर गर्दीतले केस आणि सावल्या सगळं सोबत येतं. तिथे सरळ पेन टूल घेऊन आउटलाइन काढायची, हलत्या वस्तूमागे मास्क नेणारा ट्रॅकर लावायचा, आणि मधे कोणाचा हात नाहीतर झेंडा आडवा आला की थांबून मास्क हाताने सरकवायचा, फ्रेम बाय फ्रेम. याचे वेगळे पैसे सांगितले की पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, म्हणते, एका क्लिकचं तर काम आहे ना भाऊ.