कचराभूमीतील प्लॅस्टिक

शहराचा कचरा आणून टाकण्याच्या जागेला मुंबईत डंपिंग ग्राउंड, तर पुण्याकडे कचरा डेपो म्हणतात. शास्त्रीय लेखनात कचराभूमी किंवा भरावभूमी हे शब्द वापरतात. तेथे गाडल्या गेलेल्या प्लॅस्टिकचे आणि त्यात मिसळलेल्या पूरक रसायनांचे पुढे काय होते, एवढ्यापुरती ही नोंद आहे. २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन नवे प्लॅस्टिक तयार झाले. त्यातून झालेल्या सुमारे ६३० कोटी टन कचऱ्यापैकी ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर साचला, असा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सामान्यतः मान्य केला जातो.

प्लॅस्टिक कुजायला ४५० वर्षे लागतात, हजार वर्षे लागतात, असे आकडे सर्रास दिले जातात. ते जपूनच घ्यावेत. बेकेलाइट १९०७ च्या सुमाराचे, पॉलिएथिलीन १९३३ चे; इतका काळ कोणी प्लॅस्टिक पाहिलेलेच नाही. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्या कार्बन-कार्बन साखळ्या तुटायला ऊन आणि ऑक्सिजन लागतो. कचऱ्याच्या ढिगात खोलवर दोन्ही नसतात. म्हणूनच ढिगावर उन्हात पडलेली पिशवी काही काळाने बोटांत चुरा होते, पण तशीच पिशवी दहा-पंधरा मीटर खालून निघाली तर चिखल धुतल्यावर तिच्यावरची अक्षरे वाचता येतात. ॲरिझोना विद्यापीठातील विल्यम रॅथजी यांनी १९७३ मध्ये कचऱ्याचा पुरातत्त्वीय अभ्यास हाती घेतला आणि १९८७ पासून अमेरिकेतील कचराभूमी खणल्या. त्यांना दशकांपूर्वीची वर्तमानपत्रेही वाचण्याजोगी सापडली. कागद टिकतो तेथे पिशवी टिकल्याचे नवल नाही.

टिकणारी असते ती बहुवारिकाची, म्हणजे प्लॅस्टिकच्या लांब रेणूची, साखळी. पूरक रसायने मात्र तिच्यात टिकून राहत नाहीत. मऊपणा आणणारे प्लॅस्टिसायझर, उष्णतेपासून राखणारी स्थिरके, रंगद्रव्ये, ज्वालारोधके हे पदार्थ बहुतेक वेळा साखळीला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, नुसते तिच्यात मिसळलेले असतात. जुना रेनकोट कडक होऊन घडीवर तडकतो, तेव्हा त्यातले प्लॅस्टिसायझर निघून गेलेले असते. मऊ पीव्हीसीत, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकात, प्लॅस्टिसायझरचा भाग वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, कधी त्याहून अधिक असतो.

पीव्हीसीतली प्लॅस्टिसायझर बहुधा थॅलेट या गटातली असतात. त्यांच्याविषयी बराच वाद झाला. युरोपीय आयोगाने २००० मध्ये पीव्हीसीवर विचारपत्रिका काढली, त्या सुमारास दोन मते समोर होती. पीव्हीसी गाडले की निष्क्रिय होते, हे एक. गाडलेले पीव्हीसी संथपणे पाझरत राहणारा साठा असतो, हे दुसरे. पहिल्या मताला आधार आहे तो साखळीपुरता, कारण पीव्हीसीची साखळी कचराभूमीत तुटल्याचा भक्कम पुरावा नाही. पूरकांच्या बाबतीत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डायएथिलहेक्झिल थॅलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते मातीला व कुजक्या पदार्थांना चिकटून राहते. त्यामुळे झिरपणाऱ्या पाण्यात, म्हणजे लीचेटमध्ये, ते कमी दिसते. पण सूक्ष्मजीव त्याची एक बाजू तोडतात तेव्हा होणारे मोनोएस्टर पाण्यात सहज उतरते. केवळ मूळ रसायन तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात हे मोनोएस्टर येतच नाही. ज्यांच्या बाजूच्या साखळ्या लहान ती थॅलेटे लवकर तुटतात, लांब साखळ्यांची रेंगाळतात.

कचराभूमीचे वय येथे निर्णायक ठरते. सुरुवातीच्या आम्लावस्थेत लीचेट आंबट असते आणि स्थिरकांतील व रंगद्रव्यांतील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू त्यात उतरू शकतात. पुढे मिथेन तयार होऊ लागतो, पाणी किंचित अल्कधर्मी होते आणि सल्फाइडांमुळे धातू बरेचसे जखडले जातात. मात्र याच काळात वाढणारे ह्यूमिक पदार्थ, म्हणजे कुजण्यातून बनलेली गडद सेंद्रिय द्रव्ये, ब्रोमिनयुक्त ज्वालारोधकांसारखी पाण्यात न विरघळणारी रसायने आपल्याबरोबर वाहून नेतात. बिस्फेनॉल-ए हे प्लॅस्टिकात वापरले जाणारे रसायन हवेच्या संपर्कात काही दिवसांत विघटित होते. हवेविना दीर्घकाळ राहते. जपानमधील घातक कचऱ्याच्या दहा भरावांतील लीचेटमध्ये ते लिटरमागे १.३ ते १७,२०० मायक्रोग्रॅम आढळले. या आकड्यांतली तफावत पाहता सरासरी काढण्यात फारसा अर्थ नाही.

तुकड्यांचा प्रश्न नवा आहे. चीनमधील सहा कचराभूमींच्या लीचेटमध्ये दर लिटरला प्लॅस्टिकचे ०.४२ ते २४.५८ सूक्ष्म कण मिळाले (२०१९). त्यांतले बहुतेक कण मोठ्या वस्तूंचे तुकडे पडून झालेले होते.

मुंबईतील देवनारच्या कचराभूमीची सुरुवात १९२७ ची असे सामान्यतः छापले जाते. १८९६ च्या प्लेगनंतर महापालिकेने तेथील पाणथळ जमीन १८९७ मध्ये घेतली आणि शतक संपण्याआधीच तेथे रेल्वेने कचरा नेला जाऊ लागला, हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कोणतेही साल धरले तरी तळाच्या थरांत प्लॅस्टिक नसावे, कारण भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादनच १९५७ मध्ये सुरू झाले. देवनारसारख्या जुन्या ढिगांखाली अस्तर नाही, त्यामुळे लीचेट थेट जमिनीत व खाडीत जाते. उघड्या ढिगाला आग लागली की वर सांगितलेला संथ क्रम मोडतो आणि क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जळून डायॉक्सिने ही अतिविषारी संयुगे तयार होतात. जानेवारी २०१६ मधील देवनारच्या आगीचा धूर उपग्रहचित्रांतही दिसला. त्या धुरात शेजारच्या वस्त्यांतली मुले श्वास घेत होती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

अलीकडे जुने ढीग खणून, वाळवून, फिरत्या चाळणीतून काढतात. याला बायोमायनिंग म्हणतात. वर राहणाऱ्या पिशव्या व चिंध्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. खाली पडणारी काळी, मातीसारखी चाळ सखल जमिनीत भरावासाठी वापरतात. तिच्यात प्लॅस्टिकचे बारीक तुकडे व त्यांना चिकटलेली रसायने असतात आणि ती नव्या जागेच्या पावसाच्या पाण्याखाली येतात.