लॉगमधली तीच ओळ पुन्हा पुन्हा आली तर

टेबलावर एक छोटा एआरएम बोर्ड, त्याच्या खाचेत एसडी कार्ड आणि बोर्डापासून लॅपटॉपपर्यंत सिरियल केबल. वीज दिली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जागा होतो आणि आपण काय काय केलं ते ओळीओळीने सांगत जातो. या ओळी म्हणजेच लॉग. त्या दिवशी त्यातली एक ओळ सारखी परत येत होती. मतलब इतकाच, की कार्डासाठी लागणारा व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे कार्डाला ठरावीक दाबाची वीज पुरवणारा भाग, मिळाला नाही, एरर उणे ५१७. मोजली तर सहा वेळा. आणि शेवटी ‘रूट डिव्हाइसची (म्हणजे बाकीची सिस्टिम जिच्यावर आहे त्या डिस्कची, इथे एसडी कार्डाची) वाट पाहतोय’ असं सांगून बोर्ड जो थांबला, तो थांबलाच.

शेजारचा मित्र म्हणाला, “तीच तर ओळ आहे, टाक ना काढून कोडमधून.” हा सल्ला फार वेळा दिला जातो आणि मला तो खरोखर धोक्याचा वाटतो. सहा ओळी दिसतात म्हणजे गोष्ट सहा वेळा घडली, असं नसतं. कधी ती एकदाच घडलेली असते आणि लिहिणारे दोघे असतात. कधी ती खरंच पुन्हा घडलेली असते. यातलं काय झालंय हे कळेपर्यंत ओळीला हात लावू नये.

ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि एखादं यंत्र यांच्यातला दुभाषी. डिस्क, कार्ड, पेनड्राइव्ह, प्रत्येकाशी बोलायची रीत वेगळी, ती ड्रायव्हरला ठाऊक असते. त्याला काही सांगायचं असलं की तो प्रिंट-के नावाचं फंक्शन बोलावतो. त्याची ओळ मेमरीतल्या एका ठरावीक आकाराच्या जागेत जाते. ती जागा भरली की सर्वांत जुन्या ओळी पुसून नव्या लिहिल्या जातात. तिथून ओळ उचलून पडद्यावर, सिरियल केबलवर किंवा फाइलमध्ये पोचवणारे मात्र वेगळे असतात.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कंसात एक आकडा असतो: कर्नल सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले, दशांशचिन्हानंतर सहा अंकांपर्यंत. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची वेळ. आमच्या सहा ओळींपैकी दोनांवर १.३८२०४१ होतं, दोनांवर २.११४०३२, दोनांवर २.११९८७७. वेळ शेवटच्या अंकापर्यंत जुळते म्हणजे ड्रायव्हर एकदाच बोलला होता, पोचवणारे दोन होते. नीट पाहिलं तर आमचीच नव्हे, आजूबाजूची प्रत्येक ओळ जोडीने येत होती.

याचं कारण बूटच्या वेळी, म्हणजे कर्नल सुरू होताना, दिलेल्या पर्यायांत सापडलं. अगदी सुरुवातीच्या ओळी दिसाव्यात म्हणून कर्नल एक कामचलाऊ कन्सोल (ओळी बाहेर दाखवणारी वाट) वापरतो आणि खरा कन्सोल आला की त्याला निरोप देतो. आमच्या पर्यायांत ‘कीप बूटकॉन’ राहून गेलं होतं. त्यामुळे जुना गेलाच नाही आणि दोघेही एकाच केबलवर तीच ओळ पाठवत राहिले. सर्व्हरवरही असं होतं. लॉग लिहिणारा प्रोग्रॅम कर्नलच्या ओळी थेट कर्नलकडून घेतो आणि त्याच ओळी सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या जर्नलकडूनही (त्याच्या नोंदवहीकडूनही) घेतो. मग कर्नलच्या मेमरीतल्या ओळी दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडला ओळ एकदा दिसते, फाइलमध्ये दोनदा. अशा वेळी ड्रायव्हरचं कोड कितीही वाचा, हाती काही लागणार नाही.

पर्याय काढला, सहाच्या तीन झाल्या. या तिन्हींच्या वेळा वेगळ्या, म्हणजे कोड खरंच तीनदा चाललं होतं. कुणी चालवलं? ओळीच्या शेजारी डंप-स्टॅक लिहिलं की कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं याची साखळी छापून येते. पहिल्या वेळच्या साखळीत ड्रायव्हरची नेहमीची नोंदणी होती. पुढच्या दोन्हींत एक वेगळंच नाव होतं: डिफर्ड प्रोब.

यंत्र ताब्यात घेण्याच्या कामाला प्रोब म्हणतात. कार्डाच्या ड्रायव्हरला रेग्युलेटर हवा, पण रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसला तर? २०१२ साली लिनक्स ३.४ मध्ये याची सोय झाली. ड्रायव्हरने उणे ५१७ परत करायचं, म्हणजे ‘आत्ता नाही, मला नंतर बोलाव’. कर्नल त्याला यादीत ठेवतो आणि दुसरा एखादा ड्रायव्हर रुजू झाला की यादीतल्यांना पुन्हा संधी देतो. दर संधीला प्रोब पहिल्यापासून चालतो आणि वाटेतली ओळ पुन्हा छापतो. म्हणून अशा ओळींची संख्या बोर्डागणिक बदलते.

म्हणजे ही तक्रार खरी चूक नव्हे, ताटकळणं आहे. पण ओळ सरसकट काढली, तर रेग्युलेटर खरोखर बिघडेल त्या दिवशीही ड्रायव्हर गप्पच राहील. ‘५१७ असेल तर बोलू नकोस’ अशी अट कितीतरी ड्रायव्हरांत हाताने लिहिलेली असायची. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ५.९ मध्ये त्यासाठी एक सामाईक फंक्शन आलं, डेव्ह-एर-प्रोब. दुसरी कुठली चूक असेल तर ते मोठ्याने सांगतं. ५१७ असेल तर फक्त डीबग पातळीवर, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या तपासणीच्या ओळींत, नोंदवतं आणि अडण्याचं कारण वेगळं जपून ठेवतं. मला हे फंक्शन फार आवडतं. चार ओळींचं काम, पण कुठे बोलावं आणि कुठे थांबावं हे त्यात नेमकं उतरलंय.

साठवणुकीच्या यंत्रांत पुनरावृत्ती आणखी एका वाटेने येते. डिस्कवरचा एक सेक्टर (डेटाचा छोटा ठरावीक तुकडा) वाचता आला नाही की कर्नलमधले एकावर एक रचलेले थर पाळीपाळीने बोलतात: आधी खालचा थर, मग डिस्कला आज्ञा देणारा स्कझीचा थर, मग वाचण्या-लिहिण्याच्या मागण्या सांभाळणारा ब्लॉक थर, वर फाइल सिस्टिम. शब्द वेगळे, घटना एकच. तिथे सेक्टरचा क्रमांक पाहायचा. दर वेळी तोच असेल तर बिघाड एका जागी आहे, क्रमांक बदलत असतील तर डेटाची प्रत आधी काढा, बाकीचं मग. शिवाय लॉगची फाइल त्याच डिस्कवर असेल तर तक्रार लिहायला जावं आणि त्या लिहिण्यातूनच नवी तक्रार जन्मावी, असं चक्र सुरू होऊ शकतं. म्हणून कर्नलमध्ये ओळींवर मर्यादा घालायची सोय आहे. नेहमीचं माप पाच सेकंदांत दहा ओळी. गाळलेल्या किती, तो आकडा नंतर छापला जातो, तो वाचायला विसरू नये.

आमच्या बोर्डावर तीनदा ताटकळल्यावरही रेग्युलेटर आला नव्हता. कर्नलची कॉन्फिग, म्हणजे तो बांधताना काय काय घ्यायचं याची यादी, उघडली, तर रेग्युलेटरचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधलेला, म्हणजे कर्नलबाहेरच्या वेगळ्या फाइलमध्ये. आणि ती फाइल होती त्याच एसडी कार्डावर. पेटीची किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. कॉन्फिगमध्ये त्या ड्रायव्हरच्या नावापुढचा ‘एम’ (मॉड्यूल) काढून ‘वाय’ (कर्नलच्या आतच) केला आणि कर्नल पुन्हा बांधला. १.४ सेकंदाच्या आसपास कार्डाचं नाव आणि आकार सांगणारी ओळ आली, एकदाच.